जिवंतपणी पारंपरिक

आमच्या घरमालकांनी खोली देण्याआधी माझं आधार कार्ड मागितलं नाही. लग्न झालंय का, मटण खाता का, मित्र किती येतात, यातलं काही विचारलं नाही. नाशिक रोडला भाड्याची खोली शोधत फिरलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, एवढा चमत्कार त्याला जन्मभर पुरतो. त्यांनी मला जिन्यात उभं केलं, स्वतः वरच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "एखादं गाणं म्हण."

"कुठलं काका?"

"तोंडात येईल ते."

त्या दिवसांत रिक्षापासून रसवंतीपर्यंत एकच गाणं वाजत होतं, तेच माझ्या तोंडात आलं. दोन ओळी झाल्यावर त्यांनी वाहतूक पोलिसासारखा हात वर केला. "कोणाचं हे?"

मी त्या वेळच्या लोकप्रिय गायकाचं नाव सांगितलं. काकांनी डोळे मिटले. मी माझी लोखंडी ट्रंक त्यांच्या अंगठ्यावर ठेवली असती तरी चेहरा इतका वाकडा झाला नसता.

"हा तिसरा. याच्या आधी एकाने म्हटलं. त्याच्याही आधी एका बाईने. त्या बाईचं नाव तिच्या नातवंडांना तरी ठाऊक आहे की नाही, देव जाणे."

"मग खोली नाही का?"

"खोली आहे. तू चुकीचं बोललास, खोटं नाही बोललास. काल एक जण आला होता. म्हणतो, काका, मला गाण्यातलं काही कळत नाही. आणि दोन्ही कानांत वायर! खोटारडा. त्याला जिन्यावरूनच खाली पाठवला."

अशी मला खोली मिळाली. मी तेव्हा औषधकंपनीचा प्रतिनिधी म्हणून जिल्हाभर मोटारसायकल हाणत होतो. गावोगावचे डॉक्टर मला बाकड्यावर बसवून ठेवायचे. संध्याकाळी घरी आलो की काका बसवायचे.

काका एकलहऱ्याच्या पॉवर हाउसमधून निवृत्त झालेले. सगळी नोकरी टर्बाइनच्या शेजारी. अशा माणसाच्या कानाशी फटाक्यांची माळ लावली तरी त्याने "कोण आलंय?" एवढंच विचारावं. पण काकांचं उलटं झालं होतं. समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, नळ सोडून कोणी अंघोळ करताना गुणगुणलं तरी हे गॅलरीतून ओरडायचे, "व्हर्जन आहे ते! मूळ वेगळं आहे!" मग वरून साबणाच्या फेसातून आवाज यायचा, "हो काका, माहितीय, परवा सांगितलंत!"

व्हर्जन म्हणजे काय ते आजच्या पोरांना सांगायला हवं. कॅसेटच्या काळात जुनी गाणी नव्या गळ्यांकडून पुन्हा गाऊन घ्यायचे आणि स्वस्तात विकायचे. मूळ कॅसेट दुकानाच्या काचेआड असायची, व्हर्जन बाहेर हातगाडीवर. त्यामुळे निम्म्या नाशिकने जुनी गाणी ऐकली ती हातगाडीवरची. ज्या आवाजावर आपल्या आईबापांनी प्रेम केलं तो मूळ आवाज नव्हताच, हे काका ऐन लग्नाच्या पंगतीत सांगायचे. माणसाचा घास हातातच राहायचा. एकदा एका आजोबांना त्यांनी त्यांच्या लग्नाच्या वाढदिवशी हे सांगितलं, तर आजोबांनी आजीकडे असं पाहिलं की जणू तीही व्हर्जन निघाली.

सगळी कॉलनी त्यांना 'ओरिजिनल काका' म्हणायची. ते नाव त्यांना मान्य होतं. मात्र मिसळीला हा नियम लागू नव्हता. आमच्या चौकात समोरासमोर दोन मिसळवाले होते, एक जुना आणि एक त्याची नक्कल करणारा. काका डोळे मिटून नकलेवाल्याकडे जायचे. मी म्हटलं, "काका, मूळ दुकान ते पलीकडचं." तर रश्श्यात पाव बुडवत म्हणाले, "मिसळीचं वेगळं असतं."

कसं वेगळं असतं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही रस्सा मागवण्यात गुंतलो.

वराती अडवणं हा त्यांचा खरा उद्योग. बँड वाजत आला की हे चपला घालून खाली. सरळ बँडमास्तरसमोर उभे राहायचे आणि सांगायचे, "आधी मूळ चाल वाजवा, मग तुमचं काय ते." एकदा अशी वरात अडली, वाद पेटला, आणि वाद मिटेपर्यंत घोडा झोपला आणि घोड्यावरच्या नवरदेवाला दाढीचे खुंट आले. आता यात मी थोडं मीठ घातलंय, पण घोडा मात्र खरोखर झोपला होता.

एवढं सगळं वेड नुसत्या आवडीपोटी येत नाही. कुठेतरी काटा असतो. काकांचा काटा म्हणजे त्यांचंच गाणं.

काका मूळचे सुरगाण्याकडचे, डोंगरातले. घरी भात आणि नागली, आणि काम संपलं की गाव सोडून मजुरीला जाणं. काका एकलहऱ्याला लागले म्हणून त्यांचं ते सुटलं. त्यांना एक धाकटी बहीण. तिचं लग्न झालं ते पार गुजरातच्या हद्दीजवळच्या गावात. पाठवणीला एक जीप होती. त्या भागात जीप म्हणजे पुढे ड्रायव्हर सोडून चार, मध्ये मोजू नये इतके, आणि टपावर उरलेलं गाव. नवरी मागच्या फळीवर बसली. काका रस्त्यावर उभे राहिले. जीप घाट उतरून दिसेनाशी झाली, तरी ते तिथेच उभे होते. नोकरीवर परत आल्यावर टर्बाइनच्या घरघरीत त्यांनी गाणं रचलं:

जीपवाल्या, हळू घे रे, घाट आहे वळणाचा,
मागे बसली बहीण माझी, काठ भिजला पदराचा.

संथ चाल. बैल चढावर चालतो तशी. स्वतःच हार्मोनियम, स्वतःच गायले, आणि नाशिकच्या एका बोळातल्या स्टुडिओत कॅसेट काढली. ती कॅसेट विकत कोणी घेतली नाही. काका वाटत सुटले. पॉवर हाउसमध्ये वाटली, नातेवाइकांत वाटली, दाढी करणाऱ्याला दिली. आणि एक दिली सुरगाण्याच्या रस्त्यावरच्या एका जीपवाल्याला. गाणं जीपवाल्याचं, तेव्हा एक जीपवाल्याला, असा त्यांचा साधा हिशेब.

घोळ त्याच जीपमध्ये झाला. त्या गाडीचा टेप पळायचा. मोटर बिघडली होती की पट्टा, पण त्यात घातलेलं भजनसुद्धा लावणीसारखं ऐकू यायचं. काकांचं रडगाणं त्या टेपमधून असं निघालं की प्रवाशांचे खांदे हलायला लागले. त्यात भर म्हणजे 'जीपवाल्या, हळू घे रे' ही ओळ आली की मागचे प्रवासी ड्रायव्हरला ओरडून सांगायचे, "दाब!"

गाण्यात बहिणीचा भाऊ म्हणतोय हळू घे, आणि अख्खी जीप म्हणतेय दाब!

त्या जीपमधून एकदा घोटीची बेंजो पार्टी हळदीच्या सुपारीला गेली. त्यांनी गाणं ऐकलं. ते पळणाऱ्या टेपवर ऐकलं हे त्यांना कोण सांगणार? त्यांना वाटलं चाल हीच. परत येताना त्यांनी ते बसवलं, त्याच वेगात, मध्ये 'दाब'साठी जागा ठेवून. आणि मग काय विचारता! घोटीपासून दिंडोरीपर्यंत त्या गाण्याशिवाय हळद लागेना. पुढे एका पोराने त्याचं डीजे केलं, मोबाइलवर चढवलं, आणि खाली लिहिलं: 'पारंपरिक हळदी गीत'.

ते काकांना मीच दाखवलं. मोबाइल हातात धरून बराच वेळ बघत राहिले. मग काकूंना हाक मारली. "अगं, ऐकलंस का? मी पारंपरिक झालो."

काकू आतून म्हणाल्या, "मग आंघोळ करून घ्या."

"चेष्टा नाही. माणूस मेल्यावर पारंपरिक होतो. मी पेन्शन घेतोय!"

काकांच्या मुलीचं, सोनीचं, लग्न ठरलं तेव्हा हा काटा पिकला. सोनीला हळदीत तेच गाणं हवं होतं, घोटीच्या बेंजोवर. तिच्या मैत्रिणींनी नाच बसवला होता, साड्यांचा रंगही ठरला होता. काका म्हणाले, "माझ्या दारात वाजेल तर मूळ चालीत वाजेल."

"बाबा, मूळ चालीवर नाचायचं कसं?"

"नाचायचं नाही. ऐकायचं."

"हळदीत?"

"हळदीतच. तुझी आत्या येणार आहे. तिच्यासाठी केलेलं गाणं तिने अजून एकदाही नीट ऐकलेलं नाही. तिच्या सासरी टेप नव्हता. तिने आयुष्यभर तो धिंगाणाच ऐकला. एकदा, फक्त एकदा, तिला माझं गाणं माझ्यासारखं ऐकू दे. मग मला पारंपरिक म्हणा नाहीतर पुरातन म्हणा."

सोनीने साड्यांच्या रंगाची यादी घडी करून ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, तुम्हीच न्या यांना घोटीला. बेंजोवाले मास्तर ऐकले तर ऐकले."

मी काकांना मागे बसवून घोटीला नेलं. वाटेत त्यांनी गाडी चाळिसाच्या वर जाऊ दिली नाही. पाठीवर थाप मारायचे, "हळू घे रे." मला हसावं की रडावं ते कळेना.

बेंजो पार्टीचा मास्तर बाजारात तांदळाच्या पोत्यांवर बसला होता. दिवसा तांदूळ, संध्याकाळी बेंजो. काका कोण आहेत ते मी सांगितल्यावर तो ताडकन उठला, एक पोतं झटकून काकांना बसायला दिलं आणि स्वतः उभाच राहिला.

"काका, तुमचं गानं? आईशप्पत, आमाला वाटलं हे डोंगरातलं हाय. जुनं. आमचा म्हातारा सांगायचा, हे लय जुनं हाय."

"तुझा म्हातारा माझ्याहून मोठा होता का?"

"नाय, बारीक असंल तुमच्यापरीस."

"मग?"

मास्तर कानामागे खाजवत राहिला. काकांनी त्याला पोत्यावर बोटांनी ठेका धरून मूळ चाल ऐकवली. आजूबाजूचे तीन व्यापारी गिऱ्हाईक सोडून ऐकत होते. गाणं संपलं. एकाने उसासा टाकला, दुसऱ्याने तराजू उचलला.

मास्तर म्हणाला, "चाल सोन्यासारखी हाय काका. खोटं नाय बोलत. पन असं हळू वाजवलं ना, की मानसं जेवायला जात्यात."

"जाऊ देत."

"मग मागं आमी कोनासाठी वाजवायचं?"

"माझ्या बहिणीसाठी."

मास्तरने पोत्यावर सांडलेले चार दाणे वेचून आत टाकले. मग म्हणाला, "ठरलं. पयलं तुमचं. तुमी गायचं, आमी नुसता सूर धरतो. मांगून आमचं." काकांनी ते मान्य केलं. चहा आला. काकांनी निघताना पुन्हा बजावलं, "मध्ये कोणी दाब म्हणायचं नाही." मास्तरने गळ्याला हात लावून शपथ घेतली.

हळदीच्या दिवशी आमच्या गल्लीत मांडव उभा राहिला. दूर एकलहऱ्याची धुराडी दिसत होती आणि काका सकाळपासून त्यांच्याकडे बघत घसा साफ करत होते. दुपारी सुरगाण्याहून जीप आली. ती गल्लीत शिरली तेव्हा मला वाटलं निवडणूक आहे. आतून एकेक करत इतक्या बायका उतरल्या की शेवटची उतरेपर्यंत पहिलीचा चहा पिऊन झाला होता. सगळ्यांत शेवटी आत्या. बुटकी, काटक, कपाळावर गोंदण, हातात नागलीच्या पापडांचा डबा.

"दादा, किती वाळलास रं!"

"तू कुठे जाडी झालीस?"

एवढंच. कित्येक वर्षांनी भेटलेल्या भावाबहिणीचं बोलणं तेवढ्यात संपलं, आणि आत्या पापड तळायला आत गेली.

संध्याकाळी हळद लागली. सोनी पिवळी, मैत्रिणी पिवळ्या, मीसुद्धा पिवळा, आणि कोणीतरी समोरच्या मिसळवाल्याला आत ओढून त्यालाही पिवळा केला. मग काका माइकवर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्याला हळदीचा डाग नाही. म्हणाले, "आता एक गाणं होईल. मूळ चालीत होईल. कोणी नाचायचं नाही, कोणी मध्ये ओरडायचं नाही. माझी बहीण समोर बसली आहे. तिच्यासाठी आहे."

मांडव चिडीचूप झाला. पोरांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले. मागे कढईत काहीतरी तळत होतं तेही आचाऱ्याने उतरवलं. मास्तरने बेंजोची एकच तार हलकी छेडून सूर धरला. काकांनी डोळे मिटले.

"जीपवाल्या, हळू घे रे..."

आणि थांबले.

आता हे नीट ऐका. मी त्या घरात तीन पावसाळे काढले. ती कॅसेट मी इच्छा असताना आणि नसताना इतक्यांदा ऐकली आहे की आजही कोणी मला झोपेतून उठवलं तर मी तिचे श्वाससुद्धा वाजवून दाखवीन. मूळ गाण्यात त्या जागी थांबणं नाही. 'हळू घे रे' झालं की सरळ 'घाट आहे वळणाचा'. पण काका थांबले. एका 'दाब'पुरते थांबले. कमी नाही, जास्त नाही. आयुष्यभर ज्याच्याशी भांडले ते घोटीचं बेंजो त्यांच्या गळ्यात कधी जाऊन बसलं होतं ते त्यांनाही कळलं नव्हतं.

मांडवात सगळ्यांना ती जागा दिसली. सगळ्यांच्या ओठांवर शब्द आला आणि सगळ्यांनी तो गिळला. मास्तरने माझ्याकडे पाहिलं, मी मास्तरकडे. काकांचे डोळे मिटलेलेच. त्यांना वाटत होतं गाणं चालू आहे.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक बारीक, पिपाणीसारखा आवाज आला:

"दाब!"

आत्या.

मग मांडव फुटला. त्याला दुसरा शब्द नाही. सगळी गल्ली, आचाऱ्यासकट, एका सुरात "दाब!" ओरडली. काकांनी डोळे उघडले. मास्तरचा हात बेंजोवर अधांतरी होता, भुवया वर होत्या, तो वाट बघत होता. सोनी ओठ चावत उभी होती. काकांनी आत्याकडे पाहिलं. आत्या हसून हसून पदर तोंडात कोंबत होती.

काका माइकमध्ये म्हणाले, "घ्या."

पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की मांडवाचे खांब दुसऱ्या दिवशी सरळ करावे लागले, आणि काकांचा पांढरा शर्ट पुन्हा कधी पांढरा झाला नाही.

सकाळी मी जिन्यावरून उतरत होतो. काका तिथेच, वरच्या पायरीवर. शेजारी आत्या पापडांचा रिकामा डबा घेऊन, जीपची वाट बघत.

काकांनी विचारलं, "काल मी मध्ये थांबलो होतो का रे?"

"छे. नाही काका."

"खोटं बोलतोस. पहिल्या दिवशी चुकीचं बोलला होतास, ते बरं होतं."

मग ते बहिणीकडे वळले. "आणि तू? सगळे गप्प होते. तुलाच ओरडायचं होतं का? तुझ्यासाठीच गात होतो ना मी?"

आत्याने डब्याचं झाकण घट्ट लावलं. म्हणाली, "दादा, तुझं गानं चांगलं हाय. पन त्यात तुझंच हाय सगळं. तू रस्त्यावर हुबा हुतास. मी जीपमधी हुते. मला मागून तू दिसत हुतास. मीच डायवरला म्हनले, दाब बाबा, दाब, नायतर मी उतरून पळत मागं जाईन. मंग पुढं जीपमधी तुझं गानं लागाय लागलं. ती ओळ आली का मला त्योच दिस दिसायचा, आन मी वरडायची. बाकीच्यांनी माझं बघून धरलं."

हे खरं की आत्याने रात्री जुळवलं, ते मला ठाऊक नाही. आत्याच्या हातालाही मीठ सढळ होतं, पापडांवरून कळत होतं. काकांनी मात्र तिला काही विचारलं नाही. खाली जीपने हॉर्न दिला. आत्या बसली, मागच्या फळीवरच. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत काका पायरीवर उभे होते.

वर आल्यावर त्यांनी कॅसेट लावली. आम्ही दोघे बसलो. 'जीपवाल्या, हळू घे रे' आलं, आणि लगेच, श्वाससुद्धा न सोडता, 'घाट आहे वळणाचा' आलं. काकांनी बटण दाबून टेप थांबवला. मागे घेतला. पुन्हा ऐकला.

"इथे जागा ठेवायला हवी होती," ते म्हणाले. "मूळ रेकॉर्डिंगमध्येच चूक आहे."